सकाळी सातचा बिझनेस रेफरल क्लब: मेंबरशिप घ्यावी का? एका वॉटरप्रूफिंगवाल्याचा अनुभव

पुण्यात सिंहगड रोड, वडगाव, धायरी, वारजे ह्या पट्ट्यात माझं वॉटरप्रूफिंगचं काम आहे, स्वतःची टीम आहे, धंदा छोटाच. मागच्या वर्षी एका आठवडी रेफरल क्लबची मेंबरशिप घेतली होती आणि यंदा रिन्यू केली नाही, तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की पैसे वसूल होतात का, आम्ही जावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण एकाच संस्थेच्या दोन ग्रुपमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि मी एकच ग्रुप आतून बघितलाय. पाचपैकी साडेतीन स्टार. माझं मत आधीच सांगतो, क्लब चांगला आहे, माणसं चांगली आहेत, पण आपल्यासारख्या लोकल धंद्याला पक्कं काम येतं ते ज्याचं काम आपल्या कामाच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर असतं त्याच्याकडून, आणि माझ्या लाइनमधली ती माणसं क्लबची मीटिंग भरते त्या हॉटेलात सकाळी सातला येतच नाहीत.

ज्यांना हे क्लब कसे चालतात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साचा बहुतेक ठिकाणी बीएनआयचाच (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) आहे, ते १९८५ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात आयव्हन मिसनर यांनी सुरू केलं. एका ग्रुपमध्ये एका व्यवसायाचा एकच माणूस, म्हणजे सीए एकच, इन्शुरन्सवाला एकच, आणि सगळ्यांनी एकमेकांना गिऱ्हाईक द्यायचं. कल्पना तशी त्याच्याही आधीची आहे, रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झालं तेव्हा तिथेही वेगवेगळ्या व्यवसायातले लोक एकत्र येत होते आणि एकमेकांच्या धंद्याला मदत करणं हा सुरुवातीचा उघड हेतू होता. आपल्याकडे मराठी उद्योजकांसाठी इंजिनियर माधवराव भिडे यांनी उभा केलेला सॅटर्डे क्लब आहे, त्याचेही चॅप्टर, म्हणजे ठिकठिकाणचे ग्रुप, आहेत. मीटिंग दर आठवड्याला, प्रत्येकाने उभं राहून एक मिनिटात आपला धंदा आणि ह्या आठवड्यात कसलं गिऱ्हाईक पाहिजे ते सांगायचं, मग एकाचं मोठं प्रेझेंटेशन, मग कोणी कोणाला रेफरल, म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेली स्लिप, दिला ते, आणि ज्याचं काम झालं त्याने रक्कम सांगून देणाऱ्याचे आभार मानायचे. शिवाय मीटिंगच्या बाहेर एकेका मेंबरला त्याच्या ऑफिसात जाऊन तासभर भेटायचं, त्याला वन टू वन म्हणतात. हजेरी काटेकोर, आपण येणार नसलो तर बदली माणूस पाठवायचा.

आता चांगलं काय ते आधी, कारण ते खरंच चांगलं आहे.

एक मिनिटाची सवय. साइटवर दिवस घालवणाऱ्या माणसाला लोकांपुढे उभं राहून बोलायची सवय नसते आणि ती दर आठवड्याला बोलून बोलून लागते, पुढे सोसायटीच्या कमिटीसमोर कोटेशन समजावून सांगताना ह्याचा मला थेट फायदा झाला. दुसरं म्हणजे वन टू वन, सगळ्या मेंबरशिपमध्ये पैसे वसूल करणारी गोष्ट कुठली असेल तर हीच. आमच्या ग्रुपमधल्या इंटिरियर डिझायनर मॅडमच्या ऑफिसात गेलो होतो, त्यांनी त्यांच्या फोनमधले क्लायंटचे मेसेजच वाचून दाखवले. एकाही क्लायंटने वॉटरप्रूफिंग म्हटलेलं नव्हतं. "बेडरूमच्या भिंतीला ओल येतेय", "वॉर्डरोबच्या मागे बुरशी आलीय, कपड्यांना वास येतो", "खालचे लोक भांडायला आले, त्यांच्या छताला डाग पडलाय", असं सगळं. मॅडम म्हणाल्या, "दादा, तुम्ही मीटिंगमध्ये केमिकलची नावं सांगता ती आम्हाला कुणालाच आठवत नाहीत, वॉर्डरोबच्या मागची बुरशी सांगा, ती दिसली की मला तुम्ही आठवाल." पुढच्या मीटिंगला मी तेवढंच सांगितलं की ज्यांच्या बेडरूमला बाथरूमची भिंत लागून आहे आणि वॉर्डरोबमध्ये वास येतोय अशी घरं मला पाहिजेत, आणि त्याच आठवड्यात ग्रुपमधल्या पॅकर्स-मूव्हर्सवाल्याचा फोन आला, कारण सामान हलवताना कपाटामागची भिंत सगळ्यात आधी त्याची माणसं बघतात. त्याचं आणि माझं काही नातं असेल हे आम्हा दोघांनाही तोपर्यंत सुचलेलं नव्हतं. इतकं नेमकं मागितलं की समोरच्याच्या डोक्यात एखादं घर उभं राहतं, "कुणालाही गरज असली तर सांगा" असं म्हटलं की कोणीच उभं राहत नाही.

ग्रुपमधल्या वकिलांनी मला सोसायटीबरोबर करायच्या वॉरंटीच्या कराराचा मसुदा करून दिला, सीएने बिलाची पद्धत नीट लावून दिली, हे सगळं ओळखीतून, ह्याची किंमत स्लिपवर येत नाही पण मी ती धरतो.

मग दीड स्टार कुठे गेला?

पहिलं कारण, रेफरलचा आकडा. प्रत्येक मेंबरने किती रेफरल दिले ते ॲपमध्ये दिसतं, त्यामुळे आठवड्याच्या शेवटी काहीतरी द्यायलाच पाहिजे असं प्रेशर येतं आणि मग नुसता फोन नंबर हातात येतो. समोरच्याला फोन केला तर त्याला आपला फोन येणार हेही माहीत नसतं, "कुणी दिला तुम्हाला माझा नंबर?" इथून सुरुवात. अशा नंबराला मी रेफरल म्हणत नाही, जस्ट डायलवरून सुद्धा तसे नंबर मिळतात. देणाऱ्याने आधी गिऱ्हाइकाशी बोलून "मी माझ्या माणसाला पाठवतो, त्याला एकदा भिंत दाखवा" एवढं सांगितलेलं असलं की अर्धं काम झालेलं असतं. आमच्या ग्रुपमध्ये हे करणारे सात-आठ जण होते आणि बाकीचे तीसेक जण नंबर देणारे. त्यात माझा धंदा सीझनचा. पहिला जोरदार पाऊस पडला की जूनच्या शेवटाला सगळ्यांना गळती आठवते आणि क्लबमधून माझ्यावर स्लिपांचा मारा होतो, पण गच्चीचं काम भर पावसात करता येत नाही, कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) वाळायला पाहिजे, मेंब्रेनला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थराला, खालचा पृष्ठभाग कोरडा लागतो, म्हणजे जुलैचा रेफरल ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पुढेच पैशात येणार आणि तोपर्यंत ऊन पडलेलं असतं आणि गिऱ्हाईक विसरलेलं असतं. मला रेफरल पाहिजेत जानेवारी ते मे, तेव्हा कुणालाच गळती दिसत नाही. हे ग्रुपमध्ये मी सांगितलं, लोकांनी ऐकूनही घेतलं, पण साप्ताहिक आकड्यांच्या त्या पद्धतीत सीझन बसवायला जागाच नाही.

दुसरं कारण जरा जास्त लागलेलं. एका व्यवसायाला एकच सीट हा नियम कागदावर सोपा आहे, प्रत्यक्षात पेंटिंग कॉन्ट्रॅक्टरची सीट ज्यांना दिली त्यांनी तीन महिन्यांनी एक मिनिटात "आम्ही वॉटरप्रूफिंगही करतो" असं सांगायला सुरुवात केली. मी कमिटीकडे तक्रार केली, दोघांना बसवून बोलले, पुढच्या मीटिंगला तो माणूस थांबला आणि मग परत सुरू झालं. ज्या माणसाकडून मला सगळ्यात जास्त काम यायला पाहिजे होतं तोच माझ्या समोर उभा राहिला, आणि कमिटीला त्याचीही रिन्यूअल फी पाहिजे होती हे मला कळत होतं. सीटची व्याख्या जॉइन होताना लेखी करून घ्या, म्हणजे रंगकामवाल्याने काय करायचं नाही हेही त्यात लिहिलेलं पाहिजे.

आता मूळ मुद्दा. माझ्या धंद्यात माझ्या लगेच नंतर येणारा माणूस म्हणजे पेंटर. ओल आलेली भिंत घरमालक आधी पेंटरलाच दाखवतो, कारण त्याला ती रंगाची समस्या वाटते. वडगावला एका फ्लॅटमध्ये मी दुसऱ्याच बाथरूमचं बघायला गेलो होतो तर तिथे लातूरकडचा एक पेंटर बेडरूमची भिंत पट्टीने खरवडत बसलेला, खाली वर्तमानपत्रावर पांढरी पावडर पडलेली, सगळा लोणा, म्हणजे ओलीमुळे भिंतीतून बाहेर येणारा खार. मागच्याच दिवाळीत त्यानेच ती भिंत रंगवलेली आणि आता परत पोपडे आले म्हणून मालकांनी फुकट करून द्यायला बोलावलेलं. मला म्हणाला, "साहेब, मटेरियल चांगलंच वापरलं होतं हो, मालक म्हणतात मी भेसळ केली." मालकांची परवानगी घेऊन आम्ही पलीकडच्या बाथरूममधला नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जायचं तोंड) बोळा घालून वरून प्लॅस्टिक लावून बंद केला, फरशीवर तीन-चार इंच पाणी साठवलं आणि बाथरूम चोवीस तास बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी खरवडलेल्या भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत नवा काळपट ओला पट्टा चढलेला होता. पेंटरने भिंतीला हात लावला, मालकांना बोलावलं, त्यांनाही हात लावायला लावला. भेसळीचा विषय तिथेच संपला. ट्रॅपभोवतीच्या फरश्या काढून जॉइंट केला, कोटिंग केलं, परत पाणी साठवून टेस्ट केली, मग फरशी बसवली, आणि पेंटरला सांगितलं की आता महिनाभर भिंत उघडी वाळू दे, घाई केलीस तर आतलं पाणी परत पुट्टी ढकलणार. त्याने महिना थांबून रंग मारला आणि पुढचा पावसाळा भिंत कोरडी गेली.

त्या पेंटरने तेव्हापासून जी कामं आणली तेवढी आख्ख्या क्लबने आणली नाहीत. आणि तो माझ्यावर उपकार म्हणून आणत नाही, ओली भिंत रंगवली तर सहा महिन्यांनी त्याचंच नाव खराब होतं आणि फुकट फेरी पडते, म्हणून रंगाचं कोटेशन द्यायच्या आधीच तो मला फोन करतो. रेफरल देण्यात देणाऱ्याचाच धंदा वाचत असला की त्याला आठवण करून द्यावी लागत नाही. मजूर अड्ड्यावर त्याने आणखी दोघा पेंटरना सांगितलं, एका प्लंबरशी जोडून दिलं, कारण प्लंबरचंही तसंच आहे, पाइप बदलूनही डाग राहिला की शिव्या त्याला बसतात. ही माणसं सकाळी सातला बँक्वेट हॉलमध्ये बसून पोहे-इडली खात एक मिनिटाचं प्रेझेंटेशन देणार नाहीत, त्या वेळेला ती अड्ड्यावर नाहीतर साइटवर असतात. त्यांच्याशी ओळख चहाच्या टपरीवर आणि रंगाच्या दुकानात होते.

रंगाचं दुकान ही तर माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात मोठी रेफरल डेस्क आहे. शेड मिक्स करायच्या मशीनपाशी गिऱ्हाईक उभं असतं, रंग हलेपर्यंत पाच-दहा मिनिटं रिकामी, तेवढ्यात हमखास प्रश्न येतो, "कोणी चांगला माणूस आहे का हो?" दुकानदार काका ज्याचं नाव घेतील त्याला काम. काकांचं गणित मी नीट समजून घेतलं, त्यांना कमिशनपेक्षा दोन गोष्टी हव्या असतात, एक म्हणजे मटेरियल त्यांच्याकडून उचललं जावं आणि दुसरं म्हणजे पाठवलेल्या गिऱ्हाइकाने परत येऊन तक्रार करू नये. मी मटेरियल तिथूनच घेतो, उधारी वेळेवर चुकती करतो, आणि त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं काय झालं ते त्यांना सांगतो, काम मिळालं असेल तर फोटो, नसेल मिळालं तर का नाही मिळालं ते. हे शेवटचं कोणीच करत नाही बरं का. पाठवणाऱ्याने आपलं नाव पणाला लावलेलं असतं आणि नंतर त्याला काही कळतच नाही, तो दुसऱ्यांदा कशाला पाठवेल? संध्याकाळी दोन ओळींचा व्हॉट्सॲप पुरतो: "काका, आनंदनगरच्या त्या काकूंकडे जाऊन आलो, बाथरूमला काही झालेलं नाही, एसीच्या पाइपचं पाणी भिंतीत जात होतं, प्लंबरला पाठवलंय, पैसे घेतले नाहीत." अशा मेसेजने पुढची चार कामं येतात, हे मी अनुभवाने सांगतो.

आता कटाचा, म्हणजे गिऱ्हाईक आणून देणाऱ्याच्या कमिशनचा विषय, कारण हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मार्केटमध्ये पेंटर, प्लंबर, वॉचमन, सोसायटीचा मॅनेजर सगळ्यांना दहा टक्के, कुठे पंधरा टक्के देणारे आहेत. मी रोख कट देत नाही. तो कट शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात चढतो नाहीतर मटेरियलमधून कापला जातो, आणि वॉटरप्रूफिंगमध्ये मटेरियल कापलं की पुढच्या पावसाळ्यात ते छतावर दिसतंच. शिवाय टक्क्यासाठी नाव घेणारा माणूस उद्या दुसऱ्याने दोन टक्के जास्त दिले की त्याचं नाव घेणार. कामाच्या बदल्यात काम देतो, माझ्या प्रत्येक साइटवर भिंत वाळली की रंगाचा माणूस लागतोच, तिथे आधी त्या पेंटरचं नाव जातं. एखाद्याने फक्त टेस्टसाठी अर्धा दिवस थांबून मदत केली तर त्याची हजेरी, म्हणजे तेवढ्या वेळेची मजुरी, देतो, ती उघड, गिऱ्हाइकाला माहीत असते. काही जण ह्यावरून नाराज झाले आणि गेले, जाऊ देत.

सोसायट्यांची कामं वेगळी, तिथे क्लब खरंच उपयोगी पडला. गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करायची जबाबदारी आणि खर्च आदर्श उपविधीप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीचा असतो, वरच्या मजल्यावरच्या एकट्या मेंबरचा नसतो, आणि हे वरच्या मजल्यावरच्या लोकांनाच बऱ्याचदा माहीत नसतं. म्हणून ते वर्षानुवर्षं स्वतःच्या खर्चाने आतून प्लास्टर करत बसतात. क्लबमधल्या सीएकडे बऱ्याच सोसायट्यांचं ऑडिट होतं, कुठल्या सोसायटीत दुरुस्ती फंड पडून आहे आणि कुठे वार्षिक सभेत गळतीवरून वाद होतो ह्याची त्यांना कल्पना असायची. ते आतलं काही सांगायचे नाहीत आणि मी विचारायचोही नाही, पण सेक्रेटरींना "एकदा ह्यांच्याकडून पाहणी करून घ्या" एवढं ते म्हणायचे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे पाहणीचा रिपोर्ट फोटोसकट ऑगस्टमध्ये कमिटीच्या हातात दिला की सभेत विषय येतो, दिवाळीनंतर कोटेशनं मागवतात आणि काम कोरड्या दिवसात बसतं. ह्या रस्त्याने आलेली दोन गच्चीची कामं माझ्या वर्षाच्या फीपेक्षा कितीतरी मोठी होती. तेवढ्यासाठी तरी क्लबचे आभार.

खर्चाचं बघायचं तर फी, त्यावर अठरा टक्के जीएसटी, दर आठवड्याचा ब्रेकफास्टचा खर्च, वर्षातून एकदोन मोठे कार्यक्रम, असं सगळं धरून आकडा छोट्या माणसाला जाणवेल इतका होतो. पण पैशापेक्षा सकाळ महत्त्वाची. माझी माणसं साडेआठला साइटवर उभी असतात आणि मटेरियल कुठलं, किती मिसळायचं हे सांगायला मी तिथे लागतो, मीटिंग सुटून ट्रॅफिकमधून धायरीला पोचेपर्यंत साडेदहा. सुपरवायझर ठेवण्याइतका धंदा असेल तर हा प्रश्न येत नाही, माझा अजून तेवढा नाही, आणि रिन्यू न करण्याचं खरं कारण हेच आहे.

तर कुणी जावं? सीए, वकील, इन्शुरन्स, इंटिरियर, प्रिंटिंग, केटरिंग, वेबसाइट करणारे, कॉर्पोरेट गिफ्टवाले, ज्यांचं गिऱ्हाईक दुसरा धंदेवालाच असतो, त्यांनी जरूर जावं, आमच्या ग्रुपमध्ये ह्या लोकांचं छान चाललेलं मी बघितलंय. किराणा, सलून, मोबाइल रिपेअर, जिथे गिऱ्हाईक पाचशे मीटरवरून चालत येतं, तिथे ते पैसे दुकानाच्या बोर्डावर आणि गूगलवरच्या लिस्टिंगवर जास्त उपयोगी पडतील. माझ्यासारख्या साइटवरच्या कामवाल्यांनी आधी आपल्या आधी कोण आणि आपल्या नंतर कोण ती नावं कागदावर लिहावीत, टाइल्सवाला, प्लंबर, पेंटर, रंगाचं दुकान, सोसायटीचा मॅनेजर, जे काही असेल ते, त्यातल्या दोघा-तिघांचं एकेक काम मनापासून सांभाळावं, आणि मग क्लबचा विचार करावा.

जाणारच असाल तर फी भरायच्या आधी दोन वेगवेगळ्या ग्रुपला व्हिजिटर म्हणून जाऊन या, तेवढ्या ब्रेकफास्टचेच पैसे लागतात. मेंबरची यादी मागून घ्या आणि तुमच्या आधीचा-नंतरचा माणूस त्यात आहे का बघा, नसेल तर ती सीट रिकामी का आहे ते विचारा. तुमच्या सीटवर आधी कोण होतं आणि त्याने का सोडलं हेही विचारा, आणि जमलं तर त्याच्याशी फोनवर बोला. आणि मीटिंग संपल्यावर लगेच निघू नका, हॉलच्या बाहेर पार्किंगमध्ये लोक अर्धा तास उभे असतात, खऱ्या गिऱ्हाइकांची बोलणी तिथे चालतात, कोण कोणाशी बोलतंय ते तिथेच दिसतं.